पाय बांधले, खोटेपणा मोकळा

आधी कबुली देतो. ज्या ठरावाविरुद्ध हे लिहितो आहे, त्या ठरावावर माझीही सही आहे.

चार वर्षांपूर्वी आमच्या गावच्या जमातीची बैठक जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात भरली. विषय लग्नांचा होता. डीजेचे भाडे, फटाके, वरातीत पिऊन धिंगाणा घालणारी पोरे, त्यावरून झालेली एक मारामारी, मुलीच्या लग्नासाठी एका रिक्षावाल्याने काढलेले सावकारी कर्ज. सगळे खरे होते. मीही तावातावाने बोललो. ठराव झाला की ज्या लग्नात डीजे, बँड, फटाके आणि नाचगाणे असेल त्या लग्नाचा निकाह गावात पढवला जाणार नाही आणि जमातीतले कोणी तिथे जेवायला बसणार नाही. चौथ्या कलमात आणखी चार शब्द होते : 'घरातील बायकांची ढोलक, नाच'. मी ते वाचले. वाचूनही सही केली. मनात म्हटले, डीजे तर जातोय, ढोलकीचे पुढे बघू.

त्या थंडीत धाकट्या भावाच्या मुलीची हळद होती. अंगणात बायका जमल्या होत्या, पण घरात मयत असावी तशा गप्प. पोरी आपापल्या मोबाइलमध्ये डोके घालून बसल्या होत्या. फुफीची ढोलक माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली. फुफी पंचाहत्तरीची. आमच्या खानदानातली एकही हळद तिच्या ढोलकीशिवाय झालेली नव्हती. मला बघून तिने जवळ बोलावले आणि हळूच विचारले, "तू बी सई कर्‍या क्या रे बावा?" मी मान हलवली. ती काही बोलली नाही. नवरीच्या हाताला हळद लावत राहिली. पुढच्या रमजानच्या आधी ती अल्लाहला प्यारी झाली.

तिला द्यायचे उत्तर राहून गेले. ते इथे देतो.

फुफीचा नाच म्हणजे काय होते ते आधी सांगायला हवे, कारण ठराव लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेलाच नव्हता. दार लोटून, बायकांच्याच बैठकीत तो व्हायचा. आम्ही पोरे लहान म्हणून आत असायचो. समधनला चिडवणारी गाणी, अर्धी दखनी, अर्धी मराठी. फुफी पदर खोचून उठायची. दोन पावले पुढे, दोन मागे, एक गिरकी, खाली बसून टाळी. एवढेच. ना शृंगार, ना कोणाला दाखवायचा नखरा. भाचीला नवरा मिळाल्याचा आनंद तोंडाने सांगून पुरत नाही, म्हणून तो पायात उतरायचा.

तिचा थोरला मुलगा बाविसाव्या वर्षी ट्रकखाली गेला. वर्षभर ती कुठल्याच कार्याला गेली नाही. मग त्याच्या मित्राच्या बहिणीची हळद आली. तिथे ती आपणहून गेली. लोक कुजबुजले, हिला कशाला बोलावले, अपशकुन. फुफीने ढोलक मागून घेतली. मुलाला आवडायचे ते चिडवणीचे गाणे काढले आणि उठली. डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि पाऊल एकदाही चुकले नाही. बायका रडत होत्या आणि टाळ्याही देत होत्या. त्या रात्री त्या पोराच्या मरणावर आमच्या खानदानात पहिल्यांदा कोणी खरे रडले. त्याच्या चाळिसाव्याला नव्हते रडले. तेव्हा देगा उतरत होत्या, आणि आम्ही पाहुण्यांच्या पंगती मोजत होतो.

ठरावाने या नाचाला आणि वरातीतल्या धिंगाण्याला एकच नाव दिले. माझी तक्रार इथून सुरू होते.

मी आलिम नाही. फतवा देण्याचा मला अधिकार नाही आणि हौसही नाही. पण जे आलिमांच्याच किताबांत आहे ते वाचायला मनाई नसावी. ईदच्या दिवशी मस्जिद-ए-नबवीत हबशी लोक भाले घेऊन नाचत-खेळत होते. हजरत आयेशा (रजि.) प्रेषितांच्या (स.) खांद्याआडून ते बघत होत्या आणि स्वतःहून दमेपर्यंत त्यांना बघू दिले गेले. हजरत उमर (रजि.) रोखायला गेले, तर प्रेषितांनी (स.) त्यांनाच थांबवले. दुसऱ्या एका ईदला हजरत आयेशांच्या घरात दोन मुली डफ वाजवून गात होत्या. हजरत अबूबक्र (रजि.) रागावले, तेव्हाही उत्तर मिळाले की राहू दे, आज ईद आहे. या गोष्टी बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहेत.

याला उत्तर काय दिले जाते तेही मला माहीत आहे. हबशींचा तो खेळ म्हणजे युद्धाचा सराव होता. गाणाऱ्या त्या मुली अजाण वयाच्या होत्या. वाद्यांविरुद्धची हदीसही बुखारीतच आहे आणि फुकहांचा मोठा वर्ग वाद्यांना नाजायज मानतो. हे सगळे मी नाकारत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या प्रश्नावर बाराशे वर्षे मोठमोठ्या लोकांनी एकमेकांशी अदबीने वाद घातला, तो आमच्या जमातीने दुपारच्या जेवणाआधी वीस मिनिटांत निकाली काढला. आणि तो काढताना मूळ प्रश्न विचारलाच नाही.

तो प्रश्न इमाम गझालींनी विचारला होता. ११११ साली ते वारले. 'इह्या उलूमुद्दीन' या त्यांच्या ग्रंथात समा आणि वज्द यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे ते पाय हलला की नाही एवढेच बघत नाहीत, तो कशाने हलला ते बघतात. वज्द म्हणजे आतून आलेला हाल, जो माणसाला हलवतो. तवाजुद म्हणजे मुद्दाम आणलेला हाल. तवाजुद लोकांना दाखवण्यासाठी आणला असेल तर तो निंद्य, कारण ती रिया आहे. पण आपल्या कोरड्या मनात खरा हाल जागा व्हावा म्हणून कोणी प्रयत्नाने आणला, तर गझाली त्याच्यासाठीही वाट मोकळी ठेवतात. म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या फकीहाने नाचणाऱ्याच्या पायाइतकेच त्याच्या दिलाकडे लक्ष दिले. आम्ही फक्त पायाकडे बघतो.

आणि वज्द असला की नाचलेच पाहिजे असेही नाही. बगदादचे हजरत जुनैद समाच्या बैठकीत निश्चल बसायचे. कोणी विचारले, तर त्यांनी कुरआनातल्या त्या डोंगरांची आठवण दिली, जे एका जागी रोवल्यासारखे दिसतात पण ढगांसारखे चाललेले असतात. न नाचणाऱ्याचा एवढा सुंदर बचाव मी दुसरा ऐकलेला नाही. जुनैद बसून राहिले, पण उठणाऱ्यांविरुद्ध त्यांनी ठराव केला नाही.

कोणी म्हणेल, हे बगदादचे झाले, आपल्या मातीत हे कुठे? त्याला खुलताबादला न्यावे. दौलताबादच्या पुढे, वेरूळच्या अलीकडे. तिथे हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब झोपले आहेत. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे मुरीद. मुहंमद तुघलकाने दिल्लीची माणसे दौलताबादला हलवली त्या काळात ते दख्खनेत आले आणि १३३७ साली इथेच वारले. समाची त्यांना विलक्षण ओढ होती. त्यांची नाचण्याची रीतच वेगळी होती, इतकी की तशी रीत धरणाऱ्यांना 'बुऱ्हानी' म्हणू लागले, असे 'सियरुल औलिया'त लिहिले आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या मातीत आलेल्या पहिल्या मोठ्या सूफींपैकी एकाची ओळख त्याच्या नाचावरूनही सांगितली गेली. त्याच गावात, त्यांच्याच खलिफांच्या, हजरत झैनुद्दीन शिराझींच्या, दर्ग्याच्या आवारात औरंगजेब बादशहाची साधी कबर आहे. दरबारातले गाणे बंद करणारा म्हणून ज्याचे नाव सांगितले जाते, त्याने शेवटची जागा मागितली ती नाचणाऱ्या पीराच्या खलिफाच्या पायाशी. दोघेही आपलेच. पण शाळेतही एकाचेच नाव कळते आणि बयानातही एकाचेच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या बुजुर्गांनी समाला मोकळे रान दिलेले नव्हते. निजामुद्दीन औलियांना गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलेमांसमोर समाचा जाब द्यावा लागला होता. गाणारा कसा असावा, ऐकणारा कोण असावा, काय गावे, याच्या त्यांच्या स्वतःच्याच अटी कडक होत्या. म्हणून त्यांच्या नावावर डीजे खपवू पाहणाऱ्यांशीही माझे भांडण आहे.

आता त्यांच्याकडे वळतो. आमच्यातला एक शिकलेला वर्ग आहे. त्याला मौलानाची चीड आहे आणि नाचाचा कैवार. तो 'सूफी नाइट'ला हजाराचे तिकीट काढतो, डोळे मिटून मान डोलावतो, आणि मान डोलावताना कोणी फोटो काढतोय ना हे अर्ध्या डोळ्याने बघतो. उरुसाच्या संदलमिरवणुकीत डीजे लावणारी पोरे निदान ढोंग तरी करत नाहीत, हा वर्ग ढोंगही सुसंस्कृत करतो. तुर्कस्तानात १९२५ साली कायद्याने खानकाहे बंद झाली आणि मौलाना रूमींच्या दरवेशांचे गोल फिरणे थांबले. १९५०च्या दशकात कोन्यात त्याला परत परवानगी मिळाली ती कार्यक्रम म्हणून. २००८ साली ते युनेस्कोच्या वारशाच्या यादीतही गेले. त्या झग्यांतही खरे दरवेश असतील, आहेतच. पण सरकारला इबादत चालली नाही आणि कार्यक्रम चालला, यात आपल्या काळाची सगळी गोष्ट आली. कार्यक्रमाला कोणी घाबरत नाही. भीती खऱ्याची असते.

आपल्या सरकारचेही तेच. २००५ साली महाराष्ट्राने पोलीस कायदा बदलून डान्सबार बंद केले. कारण नीतीचे दिले. पण त्याच कायद्यात तारांकित हॉटेलांना सूट ठेवली. गरीब बाईचा पाय हलला की समाज बिघडतो, बड्या हॉटेलात हलला की पर्यटन वाढते. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती बंदी घटनाबाह्य ठरवली. त्या बारमधले सगळे चांगले होते असे मी म्हणत नाही. तिथे पिळवणूक होती आणि तिथला नाच पोटासाठी होता. पण पिळवणूक करणारा मोकळा आणि नाचणारी घरी, हा न्याय मला आमच्या चौथ्या कलमासारखाच दिसतो. जिथे तिथे बांधायला बाईचाच पाय सापडतो.

मग बांधायचे काय? रियाला बांधायचे. प्रेषितांनी (स.) रियाला लहान शिर्क म्हटले आहे. आमच्या ठरावात त्यावर एक ओळ नाही. उमऱ्याला गेलेला माणूस काब्याकडे पाठ करून स्वतःचा व्हिडिओ काढतो, त्यावर कलम नाही. झकातीचे रेशनचे किट वाटताना विधवेला कॅमेऱ्याकडे बघायला लावतात, त्यावर कलम नाही. मी म्हणतो, तिच्या डोळ्यांतली ती शरम हजार ढोलकींपेक्षा मोठा गुनाह आहे. डीजे बंद झाल्यावर वलीमा साधा होईल असे वाटले होते. डीजेचे पैसे आता पंचवीस पदार्थांच्या ताटात जातात. त्या रिक्षावाल्याच्या धाकट्या मुलीच्या लग्नातही कर्ज निघालेच, फक्त आवाज आला नाही. ठराव आवाजाविरुद्ध होता. खोटेपणा आवाज न करता चालतो.

खरे तर आम्हाला भावनेचीच भीती वाटू लागली आहे. बाप मेला तर 'सब्र करो', मुलगी पहिली आली तर 'नजर लागेल', बायकोवर प्रेम असेल तर ते चारचौघांत दिसता कामा नये. सब्र मोठी चीज आहे. पण प्रेषित (स.) स्वतः आपल्या तान्ह्या मुलाच्या, इब्राहीमच्या, मरणावर रडले होते. आम्ही सब्र समजून जे पाळतो ते पुष्कळदा नुसते सुन्नपण असते. सुन्न माणूस हळूहळू दोनच गोष्टींना हलतो : दुसऱ्याच्या चुकीला आणि स्वतःच्या अपमानाला. आमच्या बैठकांत दुसरे काय हलताना दिसते?

आणि हे फक्त लग्नघरापुरते नाही. मराठीत लिहिणाऱ्या आपण मुसलमानांनी हा आरसा स्वतःपुढेही धरावा. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण पुष्कळ लिहिले. त्यातले वज्द किती आणि तवाजुद किती? आपल्याकडून दोन नाच अपेक्षित असतात. एक बाहेरच्यांसाठी : दंगल, जळलेले घर आणि शेवटी वाचवायला धावून आलेला शेजारी, म्हणजे टाळ्या नक्की. दुसरा घरच्यांसाठी : आपला सोनेरी भूतकाळ, बगदाद, अंदलुस, आणि आज आपल्यावर होणारा अन्याय, म्हणजे माशाअल्लाह नक्की. दोन्ही नाचांची पावले आपल्याला पाठ आहेत. मीही ते नाचलो आहे, मानधनही घेतले आहे. दंगल खोटी नसते, अन्यायही खोटा नसतो. पण समोर कोण बसले आहे ते बघून आणलेले अश्रू तवाजुदच असतात, आणि तेही वाईट प्रतीचे. फुफीसारखा मुलाच्या मरणावर उठलेला एक पाय आपल्या किती कथांत आहे?

कधीकाळी आपल्यात ते होते. पेशवाईच्या अखेरीस फडावर गाजलेला सगनभाऊ शिकलगार मुसलमान होता आणि मराठी लावणी त्याच्यावाचून पुरी होत नाही. बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलांना, म्हणजे शाहीर अमर शेखांना (१९१६-१९६९), गाण्याचा पहिला वारसा आई मुनेरबींकडून मिळाला. तिच्या तोंडची गाणी ऐकत तो पोरगा वाढला आणि पुढे अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकात, मग संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, डफावर थाप मारून त्याने मैदाने हलवली. तो गाऊ लागला की सगळे शरीर गायचे. मला नेहमी वाटते, मुनेरबींच्या गावात आमच्यासारखी जमात असती आणि चौथे कलम लावले असते, तर महाराष्ट्राला अमर शेख मिळाला असता का? हजरत आयेशांच्या घरातला दफ आणि शाहिराच्या हातातला डफ, शब्दसुद्धा एकच. मध्ये कुठेतरी आम्ही तो माळ्यावर टाकला.

कोणी विचारील, खरे आणि खोटे ओळखायचे कसे? दिल उघडून बघणारा अल्लाहच. बरोबर. मग ज्याचा निवाडा आपल्याला करता येत नाही, त्यावर सरसकट बहिष्काराचे कलम लिहू नये. दिसते ते रोखावे : कर्ज, दारू, रस्ता अडवणे, आजाऱ्याच्या खिडकीखालचा कर्णा, पोरींची छेड, मांडवातली दौलत. एवढे रोखले तरी जमातीला दहा वर्षांचे काम आहे. आणि घराच्या दाराआड पोरीच्या सुखात किंवा पोराच्या दुःखात एखादी म्हातारी उठली, तर तिच्या पायावर नजर ठेवण्यापेक्षा, तसे उठण्याइतके आपल्या आत काही शिल्लक आहे का, ते बघावे.

जमातीच्या सदर साहेबांना मी अर्ज दिला आहे. त्यात चार ओळी आहेत. डीजे, दारू, फटाके यांवरची बंदी राहू द्यावी. लग्नाच्या जेवणाला मर्यादा घालावी. मदत वाटताना फोटो काढण्यावर बंदी आणावी. चौथे कलम काढावे. बैठकीत तो अजून वाचला गेलेला नाही. एका जुन्या दोस्ताने बजावले, "बुढापे में नाच का झंडा उठाए तो लोगां हँसते." हसोत. फुफीलाही लोक हसायचे, आणि रडायलाही तिच्याचकडे जायचे.

तिची ढोलक मी माळ्यावरून उतरवली आहे. एका बाजूचे कातडे उंदरांनी कुरतडले आहे, ते बदलून आणायचे आहे. आणि जमातीच्या वहीत चौथ्या कलमाखाली असलेली माझी सही मी इथे, तुम्हा सर्वांसमक्ष, मागे घेतो आहे.